माकूचं न निजलेलं तेल

माकूचं स्टूल बाजारात आडवं केलं तेव्हा मी चार हातांवर होते. माझ्या पातेल्यात चवळी रटरटत होती, हातात गारीनं, म्हणजे कसाव्याच्या भाजक्या रव्यानं, भरलेलं मापटं होतं आणि समोर गिऱ्हाईक पान पुढे करून उभं होतं. मापटं तसंच हातात राहिलं.

आमच्या बाजारात तेलवालीचं स्टूल आईकडून लेकीकडे येतं. लाकडी, ठेंगणं, बसून बसून मध्ये खळगा पडलेलं. स्टूल उभं असलं की ती बाई बाजारात आहे. आडवं केलं की तिच्या तेलावर शंका आहे. आणि एकदा का पाय वर करून उलटं ठेवलं, की ती बाई बाजारातून गेली. तीच नव्हे, तिची लेक गेली, लेकीची लेकही गेली. मी लहान असताना एक उलटं केलेलं पाहिलं होतं. त्या घरातल्या बायका अजून दुसऱ्या रस्त्यानं पाण्याला जातात.

मी लाको. बाजाराच्या दिवशी बाजारात आणि एरवी लावेर मास्तरच्या घाण्याच्या दारात चवळी-गारी विकते. चवळीवर लाल तेलाची धार पडली नाही तर आमच्याकडे माणूस ती चवळी तोंडात घालत नाही, आणि माझ्या चवळीवरचं तेल गेली कित्येक वर्षं माकूचं. त्यामुळे तिच्या स्टुलाशी माझा पोटाचा संबंध आहे. मैत्री वगैरे त्यानंतर.

माकूची ओळख करून द्यायची तर एवढंच सांगेन की काळजी करण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या टेकडीवर नाही. पाऊस आला की सरपण भिजेल म्हणून काळजी, गेला की ओढा आटेल म्हणून काळजी. नवरा दुसऱ्या बायकोच्या गावी रमला, त्याची मात्र तिनं कधी केली नाही. "तो तिथे जेवतो, तिथेच आजारी पडेल," म्हणायची आणि कामाला लागायची. थोरली लेक देदे सोमान्या गावी दिलेली, पोटुशी होती. बाळंत झाली की तिनं येऊन आईच्या शेजारी बसायचं आणि पुढेमागे ते स्टूल घ्यायचं, असं ठरलं होतं. माकूनं त्या स्टुलाला दर सणाला तेल चोळून चोळून आरसा केला होता.

आता हे सगळं कशामुळे झालं, तर शिकण्यामुळे. हसू नका.

गेल्या वर्षी राजधानीतून, आक्र्याहून, एक पोरगी आमच्याकडे तेलवाल्यांना शिकवायला आली होती. गुडघ्याएवढे पांढरे रबरी बूट, डोक्यावर टोपी, बोलणं गोड. चर्चच्या आवारात मांडव घातला, भात आणि कोंबडी होती, म्हणून अख्खी टेकडी शिकायला गेली. मीही गेले. मी तेल काढत नाही, पण कोंबडी खाते.

पोरगी म्हणाली, ओढ्याचं गढूळ पाणी वापरू नका. म्हणाली, फळ उकडायच्या पिंपाखाली टायर जाळू नका, त्या धुरानं तुमच्या छातीचं आणि तेलाचं दोन्हीचं वाटोळं होतं. आणि मग म्हणाली, "फळ निजवू नका."

इथे मांडवात कुजबुज झाली. तेलमाडाचे घड झाडावरून उतरले की आमच्याकडे त्यांचा ढीग करतात, वर केळीची पानं घालतात आणि म्हणतात, निजू दे. तीनचार दिवस फळ निजलं की देठातून आपोआप सुटतं. घड नुसता जमिनीवर आपटायचा, की फळं पावसासारखी गळतात. मग ती वेचायची, उकडायची, घाण्यात घालायची. आमच्या आया असंच करायच्या, त्यांच्या आयाही. पोरीचं म्हणणं असं की ते निजणं नव्हे, नासणं आहे. तेल घशाला लागतं ते त्यामुळेच, आणि कॅनच्या तळाशी घट्ट बसतं तेही त्यामुळेच. घड उतरवला की त्याच दिवशी फोडा, दुसऱ्या दिवसाच्या आत उकडा.

"म्हणजे आमच्या आज्या नासकं खात होत्या?" मागून कोर्योनं विचारलं. कोर्यो बाजारात माकूच्या शेजारी बसते. तिच्या जिभेला हाड नाही.

"तसं नाही, आंटी..."

"मग कसं? माझी आजी नव्वदीला गेली. तुझी गेली का?"

मांडव हसला. लावेर मास्तर, ज्याचा घाणा आहे, तोही उठून म्हणाला, "ताजं फळ म्हणजे दगड. माझ्या यंत्राचे दात पडले तर तुमचं ऑफिस बसवून देणार का?" पोरीनं हे वहीत लिहून घेतलं. पुढे त्या लिहिण्याचं काही झालं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकेक टोपी मिळाली, सगळ्यांचा मिळून फोटो निघाला आणि गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं फळ पानाखाली सुखानं निजलं होतं.

एकट्या माकूचं नव्हतं.

यात माझाही थोडा हात होता. माझी चवळी खाताना गिऱ्हाइकांना ठसका लागायचा आणि मी येता-जाता माकूला टोचायची, "हे तेल आहे का मिरचीची धुरी? उद्या माझ्या पातेल्यापुढे माणूस खोकून खोकून मेला तर तुझं नाव सांगीन." तिला ते लागत होतं. तेलाला कुणी नाव ठेवलं की तिला जेवण जात नसे.

ताजं फळ घडाला कसं चिकटून बसतं ते ज्यानं उपटलंय त्यालाच माहीत. घडाला काटे असतात. कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे करायचे, मग एकेक फळ बोटांनी सोडवायचं. वेचणाऱ्या बायका टोपल्यावर पैसे घेतात. निजलेल्या फळाची टोपली त्या गप्पा मारता मारता भरतात, इथे सकाळ गेली तरी तळ दिसत होता. दुसऱ्या दिवशी एकही आली नाही. माकू एकटीच बसून सोडवायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या, चिंध्यांवर रक्त आणि तेल. टायर सोडले म्हणून लाकूड लांबून आणायचं, पाणी वरच्या झऱ्यावरून. लावेर मास्तर घाणा चालवताना दर वेळी यंत्राला कान लावून उभा राहायचा, आजारी माणसाच्या छातीला लावतात तसा.

पण तेल काय उतरलं होतं म्हणून सांगू! कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल, पातळ, वास गोड. मी चवळीवर ओतलं, खाल्लं, आणि वाट पाहिली. घसा गप्प. त्या दिवशी मला भांडायला काही कारणच सापडलं नाही.

"काय गं, काही बोलत नाहीस," माकूनं घाबरून विचारलं. "वाईट आहे का?"

"खाऊ दे मला," मी म्हटलं.

तेच तेल घेऊन ती शुक्रवारी बाजारात गेली, आणि तिथे सगळं फिसकटलं.

कोर्योनं सहज म्हणून तिची बाटली उचलली, उन्हाकडे धरली, आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं बये, हे तेल आहे का शाई?"

"तेल आहे. परवाच काढलंय."

"आम्हीही परवाच काढलंय. आमचं का नाही असं? तुझ्या झाडांना कुणी सरबत पाजतं का?" तिनं बाटली हलवली. "आणि हे बसत का नाही खाली? बघा गं, पाण्यासारखं हिंदकळतंय."

बघता बघता तेलाची सगळी रांग भोवती जमली. कुणी हसत नव्हतं. त्यांना दोष देता येत नाही. मागे एकदा रेडिओवर सांगितलं होतं की कुठल्याशा बाजारात पामतेल लाल दिसावं म्हणून त्यात कापड रंगवायचा रंग सापडलाय आणि तो खाऊन माणसं मरतात. त्या कुठल्याशा बाजाराचं नाव रेडिओवाल्यानं धड घेतलं नाही, आणि आमचा बाजार बसला. आक्र्याचे ट्रक यायचे थांबले. कोर्योचं तेल त्या वर्षी कॅनमध्ये कुजलं. तिचा मुलगा शिकत होता, फीला पैसे नाहीत म्हणून तो घरी आला, तो कायमचाच. त्या दिवसापासून फार लाल तेल दिसलं की आमच्या बायका आधी त्यात रंग शोधतात.

मान्ये आली. मान्ये म्हणजे बाजारातल्या तेलवाल्यांची राणी. म्हातारी, जाडजूड, गळ्यात मण्यांचे सर, आणि आवाज असा की कुजबुजली तरी पलीकडच्या ओळीत ऐकू जातं. तिनं बाटली पाहिली, वास घेतला, माकूकडे पाहिलं.

"काय घातलंस?"

"काही नाही, मान्ये. आईची शपथ. फळ निजवलं नाही एवढंच."

"निजवलं नाही?" मान्येनं असं विचारलं की जणू माकूनं भात न शिजवता वाढला होता.

"शिकवायला आली होती ना ती पोरगी, तिनं..."

"ती पोरगी कुठे आहे?"

मान्येनं वाकून स्वतःच्या हातानं माकूचं स्टूल आडवं केलं. मग रीत असते तसं झालं. शंकेचं तेल ठेवत नाहीत, मग निकाल काहीही लागो. एक बाटली मान्येनं ठेवून घेतली, बाकीचे कॅन मागच्या खड्ड्यात उपडे केले. ती सगळी बोटं, ते सगळं रक्त, तो झऱ्यावरचा चढ, खड्ड्यात ग्लग ग्लग करत गेलं. माकू रडली नाही. ती मोकळे कॅन गोळा करत होती आणि प्रत्येकाचं झाकण शोधून लावत होती.

त्यानंतर फडकं. पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर त्या बाटलीतलं तेल ओतलं, तीन जणींनी आळीपाळीनं साबणानं धुतलं, आणि उरलेला केशरी डाग तसाच ठेवून फडकं मान्येच्या छपरासमोरच्या खांबाला टांगलं. खऱ्या तेलाचा डाग ऊन खातं. रंगाचा डाग ऊन खात नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, म्हणून तर रविवारच्या पांढऱ्या कपड्यांवर रस्सा सांडला तरी कुणी घाबरत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत डाग गेला तर स्टूल उभं. राहिला तर उलटं.

सोपं आहे. फक्त ऊन पाहिजे.

आणि ऊन नव्हतं. शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर आभाळ अंगणात उतरल्यासारखं खाली आलेलं. पाऊसही नाही, वारा नाही, नुसतं राखाडी. त्या महिन्यात असं होतं, एकदा झाकलं की आठ-आठ दिवस सूर्य कुठे आहे ते कळत नाही. मी माकूकडे गेले तर ती अंगणाच्या मधोमध मान वर करून उभी.

"जाईल ना गं?" ती म्हणाली.

"काय, डाग का ढग?"

"लाको, मस्करी नको."

मग मीही वर पाहिलं.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही दोघी बाजारात गेलो. बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे सगळीकडे शुकशुकाट. मान्येच्या शेळ्या रिकाम्या फळ्यांवर चढून बसल्या होत्या. फडकं खांबाला लटकत होतं, दमट, आणि डाग परवाच्याइतकाच केशरी. माकूनं हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला.

"हात लावू नकोस!" मागून आवाज आला. कोर्यो होती. चर्चच्या कपड्यांत, हातात चपला.

"मी नाही लावत."

"मी बघायलाच आले. तू काहीतरी करून जाशील म्हणून."

"आणि मी आले," माकू म्हणाली, "कुणीतरी वरून आणखी तेल लावून जाईल म्हणून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता केस धरतात. पण कोर्यो मटकन फळीवर बसली आणि शेळीला ढकलत म्हणाली, "मी कशाला लावू? तुझं स्टूल उलटं झालं तर लोक म्हणतील, बघा, त्या बाजारात रंग सापडला. मग माझं तेल कोण घेईल? तुझ्या शेजारी बसते ना मी." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या वर्षासारखं पुन्हा नको, माकू. मला नाही सोसायचं."

"मग ओरडलीस कशाला?"

"घाबरले म्हणून ओरडले. तू नसतीस ओरडली?"

माकूनं खरं ते सांगितलं. "ओरडले असते," म्हणाली. मग त्या दोघी एकाच फळीवर बसून त्या एका फडक्यावर पाळत ठेवत राहिल्या, आणि मी, जिचा यात काही गुन्हा नव्हता, ती उपाशी पोटी त्यांच्यावर पाळत ठेवत बसले. सूर्य आला नाही.

सोमवारी मी म्हटलं, त्या पोरीला फोन लाव. टोपीच्या आत नंबर छापला होता. लावेर मास्तरच्या फोनवरून लावला, त्यानं मोठ्यानं ऐकू येईल असा केला. पोरीनं माकूला लगेच ओळखलं. खूश झाली. "आंटी माकू! तुम्ही खरंच करून पाहिलंत?" माकूनं सगळं सांगितलं.

"आंटी, माझी बदली झालीय. तो कार्यक्रम संपला. तुम्ही असं करा, बाटली आक्र्याला प्रयोगशाळेत पाठवा, ते कागद देतील."

"किती दिवसांत?"

"महिना... दीड महिना."

"शुक्रवारी निकाल आहे, मुली."

मला राहवलं नाही. मी फोनकडे तोंड नेऊन म्हटलं, "काय गं बाई, तेल असं लाल होणार हे तुला ठाऊक होतं ना? मग हिला शिकवलंस तसं बाजाराला का नाही शिकवलंस? ते विकत घेणार, ते खाणार, त्यांना कोण सांगणार होतं?"

"आंटी, ते... आमच्या कार्यक्रमात नव्हतं."

तिचा आवाज रडवेला झाला होता. वाईट पोरगी नव्हती. तिला ज्यांनी पाठवलं त्यांनी तिला अर्धंच काम देऊन पाठवलं होतं, आणि उरलेलं अर्धं माकूच्या डोक्यावर पडलं होतं. मला त्या दिवशी असा संताप आला होता की मी त्या टोपीत कोंबडीला दाणे घातले.

त्याच संध्याकाळी झाडावरचे पुढचे घड उतरले. घड थांबत नाहीत, त्यांना निकालाशी काय देणं-घेणं. अंगणात ढीग पडला आणि माकू कुऱ्हाड हातात घेऊन ढिगापुढे उभी राहिली. लावेर मास्तर फळ कधी आणणार ते विचारायला आला होता.

"माकू, ऐक माझं," तो म्हणाला. "शुक्रवारी स्टूल उभं झालं तर त्याच क्षणी पुढे तेल ठेवावं लागतं. रिकाम्या स्टुलाला काय अर्थ? आणि तू पुन्हा तेच लाल घेऊन गेलीस तर पुन्हा कुणीतरी बाटली वर धरणार. पुन्हा खड्डा, पुन्हा फडकं."

"मग काय करू?"

"सगळ्या करतात ते कर. निजव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? माझी चवळी म्हणत होती निजवू नको. माझं मन म्हणत होतं, तिला राहू दे बाजारात, तेल कसलंही असो. माकूनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि केळीची पानं आणायला गेली. पानं पसरताना ती त्या ढिगावरून असा हात फिरवत होती की मला तिकडे बघवेना.

मंगळवारचा बाजार तिच्याशिवाय भरला. आडवं स्टूल बघून गिऱ्हाइकं वळून जात, आणि त्यांच्याबरोबर कोर्योचीही जात. बुधवारीही आभाळ तसंच. माकूनं जेवण सोडलं होतं म्हटलं तरी चालेल. देदेचा सोमान्याहून निरोप आला, आई, मी येऊ का? माकूनं कळवलं, येऊ नकोस, इथे ऊन नाही. बिचाऱ्या पोरीला त्याचा अर्थ लागला नसणार.

गुरुवारी मी चुलीशी होते आणि एकाएकी पातेल्याच्या कडेवर चमक आली. मी वर पाहिलं. ढग फाटले होते. मी डाव तसाच सोडून पळत सुटले. या वयात, या अंगानं! वाटेत माकू भेटली, तीही पळत होती. आम्ही बाजाराशी पोचलो तर मान्ये छपराखालून आपलं स्टूल बाहेर ओढून फडक्यासमोर बसली होती. आम्हाला बघून तिनं हातानंच परत जा म्हटलं. ऊन कडक पडलं होतं, पाठ भाजत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी रस्त्यात उभी राहून त्या सूर्याला दोन शिव्या दिल्या, उशीर केल्याबद्दल. माकू मात्र परत जाताना म्हणत होती, एका दिवसात जाईल का सगळा? कडेचा राहिला तर? थोडासा राहिला तर त्याला काय म्हणतात? शेवटी मी तिला म्हटलं, तू थोडा वेळ मुकी हो.

त्या दुपारी तिनं निजलेलं फळ घाण्यावर नेलं. दुसरं करणार काय?

शुक्रवारी सगळी रांग आधीच जमली होती. मान्येनं फडकं खांबावरून काढलं, झटकलं, दोन्ही हातांनी पसरून उन्हाकडे धरलं. पांढरं. एका कोपऱ्यात हळदीचं बोट पुसल्याएवढं पिवळं, तेही बघणाऱ्यानं शोधलं तर. तिनं ते प्रत्येकीच्या नाकापुढून फिरवलं. कोर्योनं सगळ्यात जास्त वेळ पाहिलं आणि सगळ्यात आधी तोंडात बोटं घालून किंकाळी फोडली, आनंदाची. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. मान्येनं माकूचं स्टूल उभं केलं, माकूला त्यावर बसवलं, बायकांनी तिच्या खांद्यांना आणि गळ्याला निर्दोष सुटल्याची पांढरी माती फासली. मी रडले. मी कशालाही रडते असं लोक म्हणतात, म्हणू देत.

आणि मग गर्दी बाटल्या घेऊन पुढे आली. आठवडाभर ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्याच. "ते लाल दे गं, घशाला न लागणारं. माझ्या सासूला दे. मला दोन बाटल्या." आठ दिवसांत बाजारानं त्या विषाचं औषध करून टाकलं होतं.

माकूपुढे तीन पिवळे कॅन होते, झाकणं घट्ट. तिनं एकही उघडलं नाही. गप्प बसली असती तर त्या दिवशी तिचं तेल नावावर खपलं असतं, माझी खात्री आहे. घरी नेऊन चवीनं खाल्लं असतं लोकांनी. मी मनात म्हणत होते, गप्प बस, माकू, एवढं तरी सुख घे.

"हे ते नाही," ती म्हणाली. "हे निजवलेलं आहे. तुमच्या सगळ्यांसारखंच."

"का?" मान्येनं विचारलं.

"घाबरले, मान्ये."

"हात्तिच्या," कुणीतरी म्हणालं. निजलेलंच घ्यायचं तर ज्याची त्याची तेलवाली होतीच. बाटल्या एकेक करून मागे गेल्या. मग माकूला काहीतरी सुचलं.

"मान्ये, तुमच्याजवळ ती बाटली असेल ना? ठेवून घेतलेली. तीच द्या या लोकांना चाखायला, थोडी थोडी."

मान्येनं गळ्यातले मणी सारखे केले. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला. "ती नाही. ती मी रश्शात घातली."

"रश्शात? कधी?"

"मंगळवारी."

मंगळवारी ऊन नव्हतं. मंगळवारी फडक्यावर डाग तसाच होता. माकूनं हे मनात जुळवलं, मी तिच्या चेहऱ्यावर ते जुळताना पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तेल चांगलं आहे हे तुम्हाला मंगळवारीच माहीत होतं."

"वास घेतला तेव्हाच माहीत होतं, पोरी. पण मला माहीत असून काय उपयोग? बाजाराला दिसायला हवं होतं." मान्ये तिच्या डोक्यावर हात ठेवून उठली आणि आपल्या छपराकडे गेली.

माकू बसून राहिली. अंगावर पांढरी माती, पुढे न उघडलेले कॅन. त्यातला एक तिनं माझ्याकडे सरकवला. मी घेतला, आणि मला माहीत होतं की उद्या माझी गिऱ्हाइकं पुन्हा खोकणार आहेत.

कोर्यो आपलं स्टूल ओढत तिच्या जवळ आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "माकू, ते कसं करायचं असतं? मला शिकवशील?"

"शिकवीन की. बोटांना चिंध्या बांधायला लागतील."

"बांधीन."

"लाकूड आणावं लागेल. आणि माणसं येणार नाहीत हाताखाली."

"नाही आली तर नाही. तेवढंच ना?"

"तेवढंच," माकू म्हणाली. "फक्त तुझं फडकं टांगतील त्या आठवड्यात ऊन असेल का, ते मला विचारू नकोस."

कोर्यो हसली नाही. तिनं वर आभाळाकडे पाहिलं, मग आपल्या बुडाखालच्या स्टुलाकडे, आणि दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.